कडेवरचा कापूस

मी एका फोनची बरीच वर्षं वाट पाहत होते. वाट पाहत होते म्हणजे, तो येऊ नये म्हणून रोज देवाजवळ दिवा लावत होते. त्या फोनवर कोणीतरी अनोळखी माणूस हिंदीत बोलणार, कन्हान नदीच्या पलीकडच्या कुठल्याशा शेतातून. अरुणजी आपके कौन लगते हैं, असं विचारणार... आणि मी म्हणणार, भाई है मेरा, छोटा भाई. हे मी मनात इतक्यांदा घोकलं होतं, की अनोळखी नंबर दिसला तरी तोंडाला कोरड पडायची. आणि खरा फोन आला तो भिंतीपलीकडून. सुनंदाचा, म्हणजे अरुणच्या बायकोचा. नागपुरात कामठी रोडला आमची दोघा बहीणभावांची घरं एकाच भिंतीची. तिनं खिडकीतून नुसती हाक मारली असती तरी मला ऐकू आली असती. तिनं फोन केला तेव्हाच मी ओळखलं. "ताई, शेडमध्ये या," एवढंच ती म्हणाली. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मी तशीच अनवाणी मागच्या अंगणातून धावले. पायाला फोड आलेत हे संध्याकाळी कोणीतरी दाखवलं तेव्हा कळलं.

अरुण भिंतीला टेकून बसला होता. पत्रा ठोकायची लाकडी मोगरी मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. अंगाला हात लावला तर चटका बसला, आणि कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. शर्टाच्या खिशात कांदा होता. उन्हात बाहेर पडताना कांदा जवळ ठेवायचा ही आमच्या आईची शिस्त, म्हणून सकाळी मीच तो त्याच्या खिशात घातला होता. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. उभा जन्म ज्यानं कूलर बनवले, ज्याच्या कूलरसमोर अर्धी वस्ती रात्री झोपते, तो माझा भाऊ उन्हानं गेला. आणि ज्याची मला इतकी वर्षं भीती होती ते विमान त्याच्या शेजारीच होतं. सुनंदाच्या जुन्या साड्यांखाली झाकलेलं, पंख नसलेलं, जमिनीवर उभं. मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला, की मोगरी उचलून घालावी त्याच्या डोक्यात असं वाटलं. विमानाच्या डोक्यात, असं लिहायला हवं. पण खरं सांगायचं तर अरुणचाही तेवढाच राग आला होता.

लोक भेटायला आले ते सगळे हळू आवाजात एकच विचारत होते, ते विमान खरंच होतं का? होतं. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितेय तिच्या वाचकांनाही तेच वाचायचं असणार, म्हणून आधी ते सांगून टाकते. माझा भाऊ घरामागच्या शेडमध्ये एका माणसानं बसायचं विमान बनवत होता. इंजिन विकत आणलेलं, नकाशे परदेशातून मागवलेले, बाकी सगळं हातानं. त्यासाठी तो विमान उडवायलाही शिकून आला होता. परवानग्यांसाठी किती खेटे घातले ते त्याचं त्याला ठाऊक. पण त्याला कोणी वेडा म्हटलं की मी भांडायला उठायची. वेडा म्हणायचा हक्क फक्त माझा होता.

आमच्या बाबांचा कूलरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागच्या शेडहून वेगळी, टिनाची शेड, पत्रा कापायच्या कातऱ्या, पत्रा मुरडायचं एक जुनं मशीन आणि होळीपासून पुढे दिवसभर ठणठणाट. बाबांच्या हातात कायम एक टोचा असायचा, शिसवी मुठीचा, टोकदार. पत्र्यावर पट्टी ठेवायची, टोच्यानं कर्रकन रेघ ओढायची आणि त्या रेघेवर पत्रा मुरडायचा. रेघ खोल गेली की घडी कशी सुतात येते. अरुणनं पाटीवर अक्षर काढायच्या आधी पत्र्यावर रेघ मारली असेल. मी शाळेत भूगोल शिकवायला लागले, तो डिप्लोमा करून बाबांच्या शेडमध्ये गेला, आणि बाबा गेल्यावर टोचा त्याच्या खिशात आला. त्याची बोटं नेहमी कशाच्या तरी कडेवरून फिरत असायची. जेवताना ताटाची कड, बसमध्ये खिडकीची कड. एकदा एका लग्नात जेवणाचा काउंटर त्यानं अंगठ्यानं असा चाचपला, की नवरीचा मामा येऊन विचारता झाला, काही कमी पडलं का साहेब?

एकदा त्यानं मला समोर बसवून एक लग्नपत्रिका दोन कपांवर आडवी ठेवली. ती मधोमध वाकली. मग तिच्या लांबीच्या दोन्ही कडा बोटभर उभ्या मुरडल्या आणि पुन्हा ठेवली. तिच्यावर घराच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला तरी ती हलली नाही. "पाह्य ताई," तो म्हणाला, "पत्रा तोच. आधी लपलप करत होता. कड मुरडली का त्यात जीव येते." मी म्हटलं, बरं, मग? "मग काय, विमान म्हणजे दुसरं काही नाही. साध्या पातळ पत्र्याच्या मुरडलेल्या कडा, एकाला एक लागून." त्या दिवशी मला ते गोड वाटलं. वाटलं, चला, कूलरच्या पेट्या ठोकून कंटाळला असेल, मन रमवतोय. त्याची मुलगी मुक्ता नोकरीला पुण्याला गेली होती, घर रिकामं झालं होतं. मी स्वतः त्याच्याबरोबर लकडगंजला गेले, साच्यांसाठी सागाच्या फळ्या निवडायला. त्या फळ्या घासून त्याची बोटं आठवडाभर पिवळी होती आणि अंगाला लाकडाचा वास यायचा. सुनंदा म्हणायची, नवीन घर बांधल्यासारखं वाटते वं ताई.

मग ठकठक सुरू झाली. विमानाच्या पंखात आडव्या फासळ्या असतात, तीच त्याची हाडं. प्रत्येक फासळीसाठी कापलेला पत्रा दोन सागवानी साच्यांमध्ये घट्ट आवळायचा आणि बाहेर राहिलेली कड लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकत वळवायची. हळूहळू म्हणजे इतकी हळू, की पाहणाऱ्याला झोप यावी. बाकदार भागावर पत्र्याला चुण्या पडतात, त्या पकडीनं चिमटून बसवायच्या. वजन कमी व्हावं म्हणून मध्ये मोठी भोकं पाडायची, आणि भोकाची कडही आतून वळवायची. ती वळवली की भोकं असूनही पत्रा आधीपेक्षा ताठ होतो. आणि जिथं खिडकीसारखी मोठी जागा कापली असेल तिथं कडेवर आणखी एक पट्टी रिबिटांनी जोडायची. हे सगळं मला त्यानंच समजावलं. मी ऐकत होते आणि घाबरत होते. कारण एवढी काळजी माणूस तेव्हाच घेतो जेव्हा काहीतरी तुटू शकतं, हे मला कळत होतं. मी एकदा विचारलंच, "हे कुठून तुटते गा?" तो सहज म्हणाला, "नेहमी कडेपासून. मधून कधीच नाही." त्यानंतर कित्येक दिवस माझ्या भिंतीपलीकडून ती ठकठक आली की मी मोठ्यानं रेडिओ लावायची.

आणि कापूस माझा होता. मी रोज दुपारी वाती वळते, त्यासाठी पत्र्याच्या डब्यात सरकी काढलेला स्वच्छ कापूस ठेवलेला असतो. एक दिवस अरुण आला, चहा पिला आणि डब्यातून मूठभर कापूस घेऊन चालता झाला. कानस मारून गुळगुळीत केलेल्या कडेवरून तो कापसाचा बोळा अलगद ओढायचा. कुठं नखाएवढीही खरखर राहिली असेल, डोळ्याला न दिसणारी, तर तिथं कापसाचा तंतू अडकतो. अडकला की तो काढायचा नाही, तसाच ठेवायचा, म्हणजे पुन्हा कुठं कानस मारायची ते कळतं. त्याचे दोनच कायदे होते. एक हा. दुसरा, ज्यानं कानस मारली त्यानं कापूस फिरवायचा नाही, कारण माणसाला आपलं काम गुळगुळीतच वाटतं. म्हणून त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "मी तुझ्या मरणाच्या वाती वळणार नाही. कापूस ने पाहिजे तेवढा, पण माझा हात लागणार नाही त्याले." अजूनही मला त्यात माझी काही चूक वाटत नाही. तो हसला आणि सुनंदाकडे गेला. सुनंदानं पदर खोचला आणि कापूस फिरवायला लागली. माझी भावजय तशी मितभाषी, अमरावतीकडची, तिला काय वाटायचं ते कधी कळलं नाही. शेडच्या भिंतीवर फासळ्या खिळ्यांना टांगलेल्या असायच्या, आणि ज्यांच्या कडांवर पांढरे तंतू हलत असायचे त्या अजून अपुऱ्या. ज्यांच्यावर नाही त्या पक्क्या. हळूहळू पांढऱ्या कमी होत गेल्या. मला त्या भिंतीकडे पाहवत नसे.

एका रविवारी सकाळी मी तर्री-पोहे घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा त्यानं एक पक्की फासळी चौकटीत आडवी अडकवली होती आणि तिला वाळूच्या पिशव्या टांगल्या होत्या. किती वजन सोसते ते पाहायचं होतं. एकेक पिशवी वाढवत होता. फासळी काही वाकेना. तो खूश होता, शीळ घालत होता. मी पोहे ताटलीत काढत होते तेव्हा एक आवाज झाला. मोठा नाही. वाळलेली काडी कोणी बोटात मोडावी एवढासा. अरुणची शीळ थांबली. मी म्हटलं, काय झालं? त्यानं पिशव्या उतरवल्या, फासळी उजेडात धरली, उलटीपालटी केली. काहीच दिसत नव्हतं. मग त्यानं ती शेजारी उभ्या असलेल्या सुनंदाच्या हातात दिली. तिनं कापूस घेतला आणि कडेवरून फिरवला, सगळीकडून सरळ गेला. मग कोण जाणे काय वाटलं, तिनं तो कडेच्या आत, जिथं पत्रा मुरडतो त्या घडीवरून ओढला. "अहो," ती म्हणाली, "इथं पाहा." घडीवर, सरळ रेघेत, ओळीनं कापसाचे तंतू उभे राहिले होते.

अरुण खाली स्टुलावर बसला. पोह्यांची ताटली त्यानं हातात धरली होती पण तिच्याकडे लक्ष नव्हतं. म्हणाला, "टोचा, ताई." विमानाचा पत्रा कूलरच्या पत्र्यासारखा नरम नसतो. त्यावर टोच्यानं रेघ मारायची नसते, शाईच्या पेननं खूण करायची असते, कारण ओरखड्यावर मुरडलं की त्याच ओरखड्यातून पुढे तडा जातो. हे नकाशावर पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं होतं, आणि त्यानं ते शंभरदा वाचलेलं होतं. सुरुवातीला त्यानं पेनच वापरला. पण काम अंगवळणी पडलं, मन पुढच्या फासळीकडे धावू लागलं, आणि हातानं आपलं लहानपणापासूनचं तेच केलं. खिशातून टोचा काढला, पट्टी ठेवली, कर्रकन रेघ. "हात ऐकत नाही गं," तो म्हणाला. मी विचारलं, मग ही एक फेकून दे, एवढं तोंड काहून पाडून राहिला? त्यानं भिंतीकडे पाहिलं. टांगलेल्या सगळ्या फासळ्यांना गंज लागू नये म्हणून त्यानं हिरवट रंग दिलेला होता. रंगाखाली कोणत्या घडीवर रेघ आहे आणि कोणत्या नाही, हे आता दिसण्याची सोय नव्हती. आणि त्याला आठवत नव्हतं. त्यातली प्रत्येक फासळी सुनंदाच्या कापसातून पास झालेली होती.

मला वाटलं, सुटलो. आता तरी सोडेल. त्यानं त्याच संध्याकाळी सगळ्या फासळ्या उतरवल्या, कातरीनं मधोमध कापल्या, म्हणजे पुन्हा मोह व्हायला नको, आणि भंगारात टाकल्या. मग माझ्या घरी आला आणि बाबांचा टोचा माझ्या पुढ्यात ठेवला. "तुझ्यापाशी ठेव. मी मागितला तरी देऊ नको." मी तो वातींच्या डब्यात, कापसाखाली ठेवला. म्हटलं, झालं ना आता? संपलं ना? "संपलं कायचं, पुन्हा बनवतो ना," तो म्हणाला. "मुक्ताले सांगू नको हं, पुण्यात बसून घोर लावून घेईल." मग मी खूप बोलले. जे बोलायचं ते आणि बोलू नये तेही. रडले सुद्धा. म्हटलं, तुला इशारा मिळाला आहे अरुण, हे शुभ नाही. तो माझ्या हातावर थोपटत राहिला, लहान मुलीला थोपटावं तसा. म्हणाला, "इशारा मिळाला ना, मग चांगलंच हाय. ज्याले मिळत नाही तो जाते."

कूलरचा हंगाम असेपर्यंत त्याला सवड नव्हती. मे उजाडला, गिऱ्हाइकं कमी झाली आणि तो शेडमध्ये शिरला. त्याला पावसाळ्याच्या आत फासळ्या पंखात बसवून वरून पत्रा बंद करायचा होता, ओल लागायच्या आत. ओलीची त्यानं दहशतच घेतली होती. आता त्याचं नवीनच सुरू झालं होतं, की पत्रा जसा कडेपासून तुटतो तसा कडेपासूनच खराब होतो. टिनाची शेड, वरून ऊन, आत बसलं की श्वास भाजायचा. मी कारखान्यातलाच एक मोठा कूलर पोरांकडून ढकलत आणून शेडच्या दाराशी लावला. नवीन वाळ्याच्या ताट्या घातल्या. अर्ध्या तासानं पाहते तर बंद.

"काहून बंद केला गा?"

"ताई, ही हवा नाही, पाणी हाय. त्यात आपल्या बोअरचं खारं. कूलरच्या पेटीवर पांढरे थर बसतात ते पाहिले नाही का तू? तेच या फासळ्यांच्या कडेत बसन."

"आन् तुझं काय?"

"माझं काय होते? मी नागपूरचा हाय."

हे तो हसत म्हणाला. मी पण हसले, मेलं. आपण सगळेच असं म्हणतो ना, आम्ही नागपूरचे, आम्हाला उन्हाचं काय. बाहेरगावचा पाहुणा हाय-हाय करतो तेव्हा आपण छाती फुगवून सांगतो. सुनंदा ताक नेऊन द्यायची, मी कांदा द्यायची, पन्हं द्यायची, आणि तो सगळं घ्यायचा, आणि आत बसायचा. मी आभाळाकडे पाहून भीत होते. दुपारी घारी वर गोल फिरायच्या, त्या पाहिल्या तरी मला त्याचं विमान दिसायचं. ज्या कूलरला त्यानं आयुष्यभर हात लावला तो दाराशी बंद उभा होता, त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. शेवटच्या दिवशी ठकठक दुपारी थांबली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, जेवायला उठला असेल.

तेराव्यानंतर शेडला कुलूप लागलं. मी मनाशी म्हटलं, किमान आता हे संपलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण दुःखाच्या तळाशी मला एक सुटका वाटत होती. आता कोणी वर जाणार नव्हतं. आता हिंदी बोलणारा तो माणूस कधीच फोन करणार नव्हता. मुक्ता पुण्याहून आली होती, सुट्टी वाढवून आईजवळ थांबली होती. अठ्ठावीस वर्षांची पोर, नाक आणि हट्ट दोन्ही बापाचे. एका दुपारी मी वाती वळत होते. भिंतीपलीकडून आवाज आला. ठक. ठक ठक. माझ्या हातातली वात तशीच राहिली. मी रेडिओ लावायला उठले, आणि उठलेल्या जागीच उभी राहिले... कारण आवाज अगदी तसाच होता, तितक्याच सावकाश.

थोड्या वेळानं मुक्ताच आली. घामेजलेली, केस बांधलेले, बापाचा जुना शर्ट अंगात. दारातूनच म्हणाली, "आत्या, आजोबांचा टोचा तुझ्याकडे आहे का गं? बाबांच्या पेटीत सापडून नाही राहिला. खिळ्यानं रेघ नीट येत नाही."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. हिला ठाऊकच नव्हतं. अरुणनं सांगितलं नाही, सुनंदाला शेडचं नाव काढवत नव्हतं, आणि मी तर आनंदानं विसरले होते. हीसुद्धा त्याच कारखान्यात पत्र्याच्या तुकड्यांशी खेळत वाढली. हिच्याही हाताला तेच वळण. बापाचे साचे तयार होते, नकाशे उघडायची तिला गरजच पडली नव्हती. मी विचारलं, किती केल्या? "दोन. मस्त झाल्यात, चल दाखवते." मी वातींचा डबा काखेत मारला आणि तिच्यामागे निघाले. त्या दुपारनंतर मी पहिल्यांदा शेडमध्ये पाय ठेवला. एका साच्यात अरुणची शेवटची फासळी तशीच आवळलेली होती, कड अर्धी वळलेली, आणि वळलेल्या भागावर कापसाचे तंतू. त्यानं स्वतःच फिरवला असणार, एकटाच होता ना. झळ आली की ते हलत होते. मुक्ताच्या दोन फासळ्या बाजूला होत्या. घडीवर खिळ्याची रेघ स्पष्ट होती.

मी तिला सगळं सांगितलं. वाळूच्या पिशव्या, तो आवाज, कापलेल्या फासळ्या. ती आधी म्हणाली, "आत्या, इतकी बारीक रेघ! रंग मारला की दिसणार पण नाही." मी म्हटलं, "तेच तर बाई! तेच तर सांगून राहिली ना मी तुले!" इतक्या जोरात ओरडले की सुनंदा दारात आली. मुक्ता रडायला लागली. मग मी तिचे हात धरले आणि विनवण्या केल्या. म्हटलं, नको करू वं पोरी. विक हे, मोडून टाक, माझ्या छातीवर हे आणखी एकदा नको. ती नुसती मान हलवत होती, नाही नाही. तेव्हा सुनंदा आत आली. नवरा गेल्यापासून ती पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत आली असेल. म्हणाली, "ताई, तिला नका अडवू. अडवलं तर लपून करेल, आणि लपून करेल तर घाईनं करेल." मग तिनं कातर उचलली, मुक्ताच्या दोन्ही फासळ्या मधोमध कापल्या आणि पुन्हा घरात निघून गेली. जाताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "माझ्यानं आता हे होणार नाही. कापूस तुम्हीच फिरवा."

तेव्हापासून मी रोज तिथं बसते. दारात कूलर सुरू असतो, ते माझं पहिलं कलम होतं. पत्र्याला ओल लागेल म्हणून मुक्तानं बापासारखाच त्रागा केला, मी ऐकलं नाही. फासळ्या आम्ही घरात, धान्याच्या कोठीच्या खोलीत नेऊन ठेवतो. हा उपाय इतका साधा होता, की त्यानं पुन्हा राग येतो आणि कोणावर काढावा कळत नाही. टोचा माझ्या डब्यात, कापसाखाली आहे. अरुणची शेवटची फासळी मी साच्यातून काढली, पण तिच्यावरचा कापूस काढू दिला नाही. ती त्याच्या खिळ्याला टांगली आहे, विमानात जाणार नाही. बाकीच्यांवर मी कापूस फिरवते. मुक्ताच्या पहिल्या काही फासळ्यांवर इतके तंतू अडकले, की मला हायसं वाटलं. हो, हायसं. जोवर कापूस अडकतोय तोवर पोर जमिनीवर आहे.

काल तिनं एक आणून दिली आणि समोर उभी राहिली, पाणीही न पिता. मी बोळा घेतला, एका टोकापासून फिरवायला लागले. वळण, चुण्या बसवलेली जागा, भोकांच्या आतल्या कडा, मग घडी. कुठं काही नाही. पुन्हा फिरवला. हात मुद्दाम हळू केला. कापूस गुळगुळीत जात होता, जणू पत्र्याला कडच नव्हती. माझ्या मनात आलं, एक तंतू नखानं दाबून इथं ठेवला तर काय होणार आहे? कोणाला कळणार आहे? ही पोर पुन्हा कानस घेऊन बसेल, उद्या पुन्हा आणेल, मी पुन्हा ठेवीन. मी मरेपर्यंत ठेवीन. बोटात एक तंतू आलाही होता. मुक्ता माझ्या हाताकडे पाहत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी जे सांगीन ते ऐकायला. आज मी खोटं बोलले, तर उद्या खरंच कुठं अडकेल तेव्हा माझ्या शब्दाला काय अर्थ राहणार होता?

"अडकत नाही," मी म्हटलं.

तिनं फासळी माझ्या हातून घेतली आणि कोठीच्या खोलीत, पंखात जाणाऱ्यांमध्ये नेऊन ठेवली. भिंतीवर अरुणच्या फासळीवरचा कापूस कूलरच्या हवेनं हलत होता. मी डबा उघडला, नवा बोळा तोडला आणि म्हटलं, पुढची आण.